सातवी सरकारी खुर्ची

ज्या वसंतात क्लिफ स्टॅदर्स सैन्यातून सुटून हल शहरात परत आला आणि पुढच्याच महिन्यात त्याने फ्रेडाशी लग्न केले, त्याच सालची मी. प्रार्थनाघराच्या वहीत ते साल १९४६ असे लिहिलेले आहे. माझ्या अंगावर कुठे साल लिहिलेले नाही, म्हणून मी माझे वय त्या लग्नावरून मोजते.

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. सरकारी खुर्ची. सरकारी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लाल गादीची, रुंद हातांची, एकदा बसले की कुणाला सोडवत नाही अशी खुर्ची येईल. मी तशी नव्हे. मला हात नाहीत. चार सरळ पाय, पाठीला दोन आडव्या पट्ट्या आणि तपकिरी रेक्झिनची बैठक, एवढाच माझा थाट. नक्षी म्हणाल तर एक रेघसुद्धा नाही.

नक्षी नव्हती ती गरिबीमुळे नव्हे, हुकमामुळे. महायुद्ध संपले होते, पण बॉम्बने घरे पडलेली होती आणि लाकूड मिळत नव्हते. तेव्हा सरकारने ठरवून दिले की खुर्ची एवढ्याच लाकडाची, एवढ्याच किमतीची, याच नमुन्याची करायची. वर फूल नको, वेल नको, वळणदार पाय नकोत. आणि ती मिळणार कुणाला, तर ज्यांचे नवे लग्न झाले आहे त्यांना आणि ज्यांचे घर बॉम्बने गेले आहे त्यांना. अशा घराला तीस युनिट, म्हणजे रेशनचे गुण, मिळत. पैसे खिशात असले तरी युनिट असल्याशिवाय दुकानदार काही देत नसे.

यॉर्कशरमधल्या ज्या कारखान्यात मी झाले, तिथे युद्धात विमानांचे लाकडी पंख बनत. ते पंख जोडणाऱ्या बायकाच आता खुर्च्या जोडत होत्या. माझे सांधे मेव्हिस नावाच्या बाईने बसवले. एका लाकडाची जीभ दुसऱ्या लाकडाच्या खाचेत ती अशी बसवी, की मध्ये केस जाणार नाही. मुकादम तिच्या डोक्यावर उभा राहून घड्याळ बघत असे.

"अगं बाई, खुर्ची आहे ती. उडायची नाहीये."

"पंखाचा सांधा सुटला तर वरून पोरगा पडतो," मेव्हिस म्हणाली, "खुर्चीचा सुटला तर म्हातारी पडते. लागतं दोघांनाही."

मेव्हिसने गरम सरसाचा हात फिरवला, उरलेला सरस फडक्याने पुसला आणि माझ्या बैठकीखाली सरकारी शिक्का मारला. दोन गोल, आणि दोन्हींचा एकेक तुकडा कापून काढलेला. लोक त्या शिक्क्याला 'चीज' म्हणत. कोटाच्या आत चीज, चादरीच्या कोपऱ्यात चीज, माझ्या पोटाखाली चीज. त्या काळी अर्धा देश चीज अंगावर घेऊन फिरत होता आणि खायला मात्र आठवड्याला बोटभर मिळत होते.

आता मी स्टॅदर्सांच्या घरी कशी आले ते सांगते. त्या घरात क्लिफ, फ्रेडा आणि क्लिफची आई टॅबिथा अशी तीन माणसे होती. क्लिफ बंदरावर बोटींतून मासळी उतरवायचे काम करी. फ्रेडाला आईबाप नव्हते. ती अनाथ मुलींच्या वसतिगृहात वाढली होती. तिथे प्रत्येक मुलीला भिंतीवरची एक खुंटी मिळे. फ्रेडाची खुंटी एकोणीस नंबरची. तिच्या मालकीचे जे काही होते, ते सगळे वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत त्या एका खुंटीवर मावत होते.

टॅबिथाचे सगळे उलटे. तिचा नवरा ॲमॉस हा शहरातला नावाजलेला खुर्च्या करणारा. त्याच्या खुर्च्यांच्या पायांना दोरीसारखा पीळ असे आणि पाठीवर ओकची पाने कोरलेली असत. एकतीस वर्षे टॅबिथाने त्याचे सरसाचे भांडे सांभाळले, पाय घासून दिले, गिऱ्हाइकांशी भांडण केले. मे १९४१ मध्ये हल शहरावर बॉम्ब पडले तेव्हा ॲमॉस आपल्या कारखान्यावर आगीच्या पहाऱ्याला होता. तो गेला, कारखाना गेला, घर गेले आणि घरातल्या सगळ्या खुर्च्या गेल्या. वाचला तो फक्त चहाचा संच, निळ्या काठाचा, कारण तो त्या आठवड्यात प्रार्थनाघरातल्या चहापानासाठी उसना दिलेला होता.

म्हणून तीस युनिटांचा कागद भरायला तिघे बसले, तेव्हा टॅबिथाने एकच गोष्ट मागितली.

"मला माझ्या बशा मांडायला एक साइडबोर्ड हवा. बाकी तुमचं तुम्ही बघा."

फ्रेडाने मात्र आधीच कपाट लिहून टाकले होते. कपड्यांचे, दोन दारांचे, मोठे. कपाटाचे बारा, पलंगाचे पाच, टेबलाचे सहा. उरले सात. साइडबोर्डला लागत होते आठ.

"एका युनिटासाठी अडवतील होय?" टॅबिथा म्हणाली.

"अडवतात, आई. मी विचारून आलो. आठ म्हणजे आठ," क्लिफ म्हणाला.

"मग कपाट खोडा की! कपाटात ठेवणार काय? याचा सैन्यातून सुटताना मिळालेला सरकारी सूट आणि हिचे दोन झगे? कपड्यांनाही कुपनं लागतात. आधी कपडे तरी येऊ द्या, मग त्यांना घर बांधा."

फ्रेडाने कपाट खोडले नाही. एकोणीस नंबरच्या खुंटीची गोष्ट तिने सासूला सांगितली असती, तर कदाचित सगळे वेगळे झाले असते. पण लग्नाला तीनच महिने झाले होते. इतक्या लवकर सासूला कुणी असले काही सांगत नाही.

सात युनिट उरले. ते वापरले नाहीत तर बुडणार. आणि एका युनिटाला काय मिळते, तर एक खुर्ची. फ्रेडाने लिहिले, खुर्च्या सात.

तशी मी त्या घरी आले. सामानाच्या गाडीवाल्याने आम्हा सात जणींना फुटपाथवर ओळीने उभे केले, तेव्हा अर्धी गल्ली दारात आली. शेजारच्या पॉडमोरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय गं फ्रेडा, हॉटेल काढतेस की काय?"

"नाही हो. सरकारने दिल्या, घेतल्या."

"तीन माणसं आणि सात खुर्च्या. चौघांना लवकर आणा मग, क्लिफला सांग!"

सगळी गल्ली हसली. फ्रेडा लाजून आत पळाली. तिला तेव्हा चौथा महिना होता आणि पॉडमोरबाईंना ते ठाऊक होते.

टॅबिथा हसली नाही. ती आमच्या भोवती एक फेरी मारून आली. तिने कुणालाही हात लावला नाही.

"या खुर्च्यांना नाक नाही की डोळे नाहीत," ती म्हणाली. "शाळेत पोरांना शिक्षा करायला ठेवतात तसल्या आहेत. मी नाही बसायची."

"मग कुठे बसणार, आई?" क्लिफने विचारले.

"तुझ्या बंदरावर मासळीचे खोके असतात ना? एक आण. खोका खोकाच असतो. तो खुर्ची असल्याचं सोंग तरी करत नाही."

क्लिफला वाटले, रागात बोलली, दोन दिवसांत निवळेल. पण तिने तगादा लावला, तेव्हा त्याने लाकडी खोका आणला. तीनदा सोड्याने धुतला तरी त्याचा हेरिंग मासळीचा वास गेला नाही. टॅबिथाने तो उपडा घालून टेबलाच्या टोकाला ठेवला आणि त्यावर बसून जेवू लागली. खोका बुटका. टेबल तिच्या हनुवटीला येई. घास तोंडात घालताना ती पहिलीतल्या मुलीसारखी दिसे, पण त्यावर हसायची हिंमत कुणाला नव्हती.

आणि बशा? "साइडबोर्ड नाही मिळाला ना? मग हा घ्या साइडबोर्ड," असे म्हणून तिने मला, सातव्या खुर्चीला, भिंतीशी ढकलले आणि माझ्यावर चहाचा संच मांडला. किटली मधोमध, बशा पाठीला टेकवून, कप त्यांच्या पुढे. मित्रांनो, बसण्यासाठी जन्माला आले आणि माझ्यावर पहिली बसली ती किटली. माझ्या सहा बहिणींवर माणसे बसत, पाहुणे बसत, धुतलेले कपडे बसत. मी भिंतीशी बशा धरून उभी. चिनी मातीला ऊब नसते, हे तेव्हा मला कळले.

फ्रेडाला खोक्याचे दुःख नव्हते. तिला दुःख होते ते पलंगाखालच्या पेटीचे. टॅबिथा या घरात राहायला आली ती एक पेटी घेऊन, आणि ती पेटी तिने कधी रिकामी केली नव्हती. लागेल तेवढे काढायची, धुऊन वाळवून परत आत ठेवायची आणि पट्टा आवळायची. तिची बहीण व्हिटबीला राहत होती. तिच्याकडच्या खोलीत भाडेकरू होता. टॅबिथाने तिला लिहिले होते, "खोली रिकामी झाली की कळव. मी येते." ते पत्र टपालात टाकायला फ्रेडालाच पाठवले होते. पाकीट उघडे होते आणि फ्रेडाने ते वाचले होते.

ज्या मुलीला कधी आई नव्हती, तिला लग्नात नवऱ्याबरोबर एक आई मिळाली. तीही फलाटावर गाडीची वाट बघणाऱ्या बाईसारखी, हातात पिशवी धरून खोक्यावर बसलेली. ती जाऊ नये, एवढेच फ्रेडाला हवे होते. पण ते मागायचे कसे, हे तिला कुणी शिकवले नव्हते. ती आपली रोज सकाळी टॅबिथाच्या चहात साखरेचा आपल्या वाट्याचा चमचा घाली. टॅबिथा पिऊन म्हणे, "गोड झालाय." बस.

डिसेंबरात जिल जन्मली. पाळणा अजून आलेला नव्हता, म्हणून क्लिफने कपाटाचा खालचा खण काढून त्यात घोंगडी घातली आणि जिल त्या खणात झोपू लागली. "चला, कपाट कशाला तरी लागलं," टॅबिथा म्हणाली. पण दिवसातून दहा वेळा खणावर वाकून बघायची ती तीच.

मग ती थंडी आली. १९४७ सालची. जानेवारीच्या शेवटी बर्फ पडायला लागले ते मार्च उजाडला तरी थांबेना. आगगाड्या बर्फात रुतल्या, त्यांच्यासोबत कोळसा रुतला. दिवसा ठरावीक तास वीज बंद. बंदरावर दोर काठीसारखे ताठ होत. लोकांनी कुंपणे जाळली, सशांची खुराडी जाळली, जुने बूट जाळले. आमच्या घरची भिंतीवरची फळी गेली, अंगणातले दार गेले.

त्याच दिवसांत व्हिटबीहून पत्र आले. भाडेकरू गेला, खोली रिकामी आहे, ये. टॅबिथाने पत्र वाचले, घडी करून कोटाच्या खिशात ठेवले आणि म्हणाली, "गाड्या सुरू झाल्या की निघते."

फ्रेडा "बरं" म्हणाली. तिच्या हातातल्या बटाट्याची साल खूप जाड निघाली, ती टॅबिथाने पाहिली, पण बोलली नाही. एरवी त्यावरून अर्धा तास बोलली असती.

आठवड्याने जिलच्या छातीत कफ झाला. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजू लागली. डॉक्टर आले, त्यांनी कान लावून पाहिले आणि म्हणाले, "औषध मी देतो, पण खोली गरम पाहिजे. शेगडी विझू द्यायची नाही." क्लिफ बाबागाडी घेऊन सकाळीच कोळशाच्या वखारीकडे गेला. तिथे रांग होती, रस्ता संपेपर्यंत. दुपारचे दोन वाजले तरी तो आला नव्हता. शेगडीत राख उरली होती.

फ्रेडा जिलला छातीशी धरून शेगडीसमोर जमिनीवर बसली होती. तिने खोलीभर नजर फिरवली. ती नजर मासळीच्या खोक्यावर थांबली आणि लगेच तिने मान फिरवली. पण टॅबिथाने ते पाहिले होते. ती खोक्यावरच बसलेली होती.

ती उठली. मागच्या खोलीतून लहान कुऱ्हाड घेऊन आली आणि सरळ माझ्याकडे आली. किटली, बशा, कप एकेक उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले.

"सहा पुरे झाल्या या घराला," ती म्हणाली. "सातवी काय कामाची आहे?"

"घ्या, आई. काहीही घ्या," फ्रेडा म्हणाली.

मित्रांनो, खुर्चीला पळता येत नाही. चार पाय असून काही उपयोग नाही.

टॅबिथाने मला उलटी केली. खुर्च्या करणाऱ्याची बायको ती. खुर्ची कशी मोडायची हे तिला ठाऊक होते. वरून घाव घालायचा नाही. उलटी करायची, पाय आणि पट्टी जिथे मिळतात तो सांधा शोधायचा, तिथे कुऱ्हाडीची धार घालायची, की खुर्ची शेंगेसारखी उकलते. तिने धार टेकवली. धार घसरली. दुसऱ्या सांध्याशी टेकवली. तिथेही आत शिरायला जागा नाही.

तिने कुऱ्हाड खाली ठेवली आणि अंगठ्याचे नख सांध्यावरून ओढले. ॲमॉसची ती सवय होती. त्याच्या कारखान्यात कुणीही कारागिराने खुर्ची आणली, की तो ती उलटी करून बाकावर ठेवी आणि सांध्यावर नख ओढी. नख अडकले तर खुर्ची परत. गिऱ्हाइकाला वरची पाने दिसत, पण ॲमॉसने एकतीस वर्षे खुर्ची पाहिली ती खालून.

टॅबिथाचे नख अडकले नाही. तिने चारही पायांचे, आठही सांधे पाहिले. मग ती वाकली आणि नाक माझ्या बैठकीखाली आणले. तिथे, थंडीतही, सरसाचा थोडा वास शिल्लक होता. तो वास एकतीस वर्षे तिच्या स्वयंपाकघरात होता, पडद्यांत होता, ॲमॉसच्या बाह्यांत होता. तो घालवायला तिने किती साबण झिजवला होता!

ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"आई? काय झालं? लागलं का हाताला?"

"गप्प बस जरा." मग नख परत सांध्यावर ठेवून ती म्हणाली, "हा सांधा कुणी केलाय?"

"सरकारने," फ्रेडा भांबावून म्हणाली.

"सरकारला हात असतात होय? माणसाने केलाय हा. आणि ज्याने केलाय त्याला काम येतं. बघ, वर मेलं काही नाही, आणि खाली सगळं आहे."

एवढे बोलून तिने मला सरळ उभे केले, खोका पायाने ओढला आणि चार घावांत त्याच्या चिरफळ्या केल्या. आग धडधडून पेटली. सगळी खोली हेरिंगच्या वासाने भरली. जिलला एक शिंक आली, मग दुसरी, मग तिसरी, आणि शिंकेबरोबर कफ सुटला. फ्रेडाला रडू येत होते, त्यात हसू आले.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. घर भाजलेल्या माशासारखं झालंय."

"पोरीची छाती सुटली ना? मग वास सोस. आण तिला इकडे. तू जरा आपली पाठ शेक."

टॅबिथाने मला शेगडीजवळ ओढले, पदराने पुसावे तसे एप्रनने पुसले आणि जिलला मांडीवर घेऊन माझ्यावर बसली. पहिल्यांदा अगदी कडेला, पाहुणी बसते तशी. मग मागे सरकली. मग तिने पाठ टेकली. मला अजून आठवते, ती दिसायला किरकोळ, पण तिचे वजन चांगले होते. माझा एकही सांधा कुरकुरला नाही. मेव्हिस तिथे असती तर बरे झाले असते.

संध्याकाळी क्लिफ अर्धी पिशवी कोळशाची भुकटी घेऊन आला. त्याने दारातूनच आई कुठे बसली आहे ते पाहिले. शहाणा होता. एवढेच विचारले, "खोका कुठाय?"

"जाळला. वास येत होता."

जिल बरी झाली. पण व्हिटबीचे पत्र अजून कोटाच्या खिशात होते आणि फ्रेडा रोज रेडिओला कान लावून आगगाड्यांच्या बातम्या ऐकत होती. गाड्या सुरू होऊ नयेत, असे तिला वाटत होते, आणि गाड्यांशिवाय कोळसा येणार नव्हता, म्हणून तसे वाटण्याची तिला लाजही वाटत होती.

मार्चमध्ये बर्फ वितळले. व्हिटबीची गाडी सुरू झाली. त्या सकाळी टॅबिथाने पलंगाखालून पेटी ओढली. फ्रेडा स्वयंपाकघरात होती. पेटी फरशीवर घासल्याचा आवाज तिने ऐकला आणि ती तिथेच उभी राहिली. किटली उकळून वाहू लागली तरी तिने ती उतरवली नाही.

"फ्रेडा!"

"आले, आई."

टॅबिथा पेटी उघडी टाकून माझ्यावर बसली होती. मांडीवर तिचा काळा कोट आणि त्यावर दोन झगे.

"तुझ्या त्या राजवाड्यात," तिने कपाटाकडे बोट केले, "एखादी खुंटी मोकळी आहे का?"

फ्रेडाने कपाटाची दोन्ही दारे उघडली. आतले आपले आणि क्लिफचे सगळे कपडे तिने एका बाजूला ढकलले, इतके, की ते एकमेकांवर चिरडले.

"एवढी नको गं जागा. माझे तीनच तर आहेत."

"असू दे," फ्रेडा म्हणाली. "असू दे मोकळी." आणि मग तिने तिथेच, कपाटाच्या दाराला धरून, सासूला एकोणीस नंबरच्या खुंटीची गोष्ट सांगितली.

टॅबिथाने ऐकून घेतले. "हे त्या कागदाच्या वेळी नाही सांगायचं?" ती म्हणाली. "उगाच सहा महिने मासळीवर बसले मी."

तिने बहिणीला कळवले की दुसरा भाडेकरू बघ.

पुढची वर्षे चांगली गेली. अठ्ठेचाळीस साली युनिट बंद झाले आणि क्लिफने साइडबोर्ड आणला. टॅबिथाने तो पुढून पाहिलाच नाही. भिंतीपासून ओढून, मागे जाऊन, गुडघ्यांवर बसून तिने त्याचे सांधे पाहिले आणि मग बशा मांडल्या. मी टेबलाच्या टोकाला आले ती कायमची. मग सरकारी नमुन्यांचाही हुकूम उठला. दुकानांत परत फुले आली, वेली आल्या, चमचमणारे रंग आले आणि लोकांना आमची लाज वाटू लागली. एकोणसाठ साली घरात पिवळे टेबल आणि लोखंडी पायांच्या खुर्च्या आल्या. माझ्या सहा बहिणींना भंगारवाल्याने हातगाडीवर घातले. मलाही उचलायला तो आला, तेव्हा टॅबिथा माझ्यावर बसूनच होती.

"आजी, ऊठ ना," जिल म्हणाली. ती तेव्हा बारा वर्षांची होती. "किती साधी आहे ती! मैत्रिणी हसतात. हिच्यात आहे तरी काय?"

"तुझ्या आजोबांनी हिला पहिल्या फटक्यात पास केलं असतं," टॅबिथा म्हणाली. "मला लग्नाला त्यांनी तीनदा ताटकळवलं होतं. यावरून काय ते समज."

भंगारवाला पाच मिनिटे थांबला आणि गेला.

दोन वर्षांनी टॅबिथा आजारी पडली. पलंग खाली आणला. फ्रेडा मला त्याच्या शेजारी ओढून दिवसभर माझ्यावर बसे, विणे, पेज भरवी. एकदा टॅबिथा तिच्याकडे एकटक पाहत म्हणाली, "टोचते का गं?"

"काय?"

"खुर्ची. चौदा वर्षं मला टोचतेय. बैठक दगडासारखी आहे. एक उशी घाल."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

"बोलले असते तर तुम्ही मऊ खुर्ची आणली असती. मला मऊ नको होती. हीच हवी होती, उशी घालून. तुला सुचायला हवं होतं, पोरी."

फ्रेडाने त्याच दिवशी उशी शिवली, हिरव्या कापडाची. तिच्यावर टॅबिथाला बसायला मिळाले नाही.

त्यानंतर माझे विसरले जाण्याचे दिवस आले. मी कपडे धुण्याच्या खोलीत गेले. माझ्यावर रंगाचे डबे ठेवले, कुणीतरी उभे राहून दिवे बदलले, एका पायावर निळा रंग सांडला तो आजही आहे. त्याबद्दल मला तक्रार नाही. जिल मोठी झाली, तिचे स्वतःचे घर झाले, तेव्हा ती मला येऊन घेऊन गेली. ती आता आजी आहे. मी तिच्या दाराजवळ असते. येणारा जाणारा माझ्यावर बसून बूट घालतो. तिची नातवंडे मला मागे कलवून दोन पायांवर झुलतात.

मित्रांनो, तेवढे एक करू नका. खुर्चीला चार पाय दिले आहेत ते चारही टेकण्यासाठी. वर्षातून एकदा आमचे सांधे पाहा, सैल वाटले तर थोडा सरस घाला, ओल्या जागी ठेवू नका. आणि घरात कुणी बरीच वर्षे एकाच जागी, काही न बोलता बसत असेल, तर त्याला टोचते का, हे विचारा. ते माणूस आपणहून सांगणार नाही. विचारायला उशीर करू नका, एवढीच या जुन्या खुर्चीची विनंती आहे.

टॅबिथाच्या मृत्यूची नोंद करायला फ्रेडा आणि क्लिफ कचेरीत गेले होते. परत आल्यावर क्लिफ माझ्यावर बसला, हॅट मांडीवर ठेवली आणि पॉडमोरबाईंना सांगू लागला. कारकुनाने फ्रेडाला विचारले, मृत व्यक्तीशी नाते काय? फ्रेडा म्हणाली, मुलगी. कारकुनाने तसे लिहून घेतले.

"अरे, मग तू नाही सांगितलंस, सून आहे म्हणून?" पॉडमोरबाई म्हणाल्या.

"नाही," क्लिफ म्हणाला. "तिने बरोबर सांगितलं होतं."

टॅबिथा स्टॅदर्स, वय वर्षे चौऱ्याहत्तर, ९ नोव्हेंबर १९६१ रोजी, गुरुवारी सकाळी, आपल्या घरी वारली.